डावं मागचं चाक

दिघाशीचा अनंता बावीस वर्षं निजामपुऱ्यात गाड्या दुरुस्त करत होता. गॅरेज दोघांचं, त्याचं आणि रघूचं. तीन वर्षांपूर्वी कंबरेनं दगा दिला आणि तो दोन महिने अंथरुणाला खिळला. तेव्हा त्याची बायको ठमाबाई म्हणाली, "आता बसून करायचं काम बघा." अनंतानं आपली पान्यांची पेटी रघूच्या हवाली केली आणि एका गोदामाच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला.

कंबर बरी झाली, पण जीव काही त्या खुर्चीत रमेना. फाटक उघडताना तो प्रत्येक गाडीचा आवाज कान देऊन ऐकायचा. हिचं बेअरिंग जायला आलंय, त्याचा पट्टा सैल झालाय, हे त्याला जागच्या जागी कळायचं. पण सांगणार कुणाला? वॉचमनला कोण विचारतं?

गोदामात उन्नती नावाची सुपरवायझर होती. वडिलांची जुनी पांढरी गाडी घेऊन यायची. एका सकाळी ती फाटकाशी थांबली आणि अनंताच्या नाकात तो वास शिरला. ब्रेकच्या जळक्या लायनरचा. किती दिवसांनी!

"ताई, गाडी जड चालतेय का?"

"हो ना काका. पेट्रोलही फार खाते. एकानं सांगितलं, क्लच गेला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

"जरा न्यूट्रल करा. ब्रेकवरचा पाय काढा."

फाटकाशीच आतल्या बाजूला उतार होता. सायकलसुद्धा तिथं आपोआप घरंगळायची. गाडी जागची हलली नाही. हँडब्रेक तर पूर्ण खाली होता. अनंता मागे गेला, वाकला, उजव्या चाकाजवळ हात नेला. गार होतं. डाव्याजवळ नेला तर धग लागली.

"क्लच न्हाय गेला," तो म्हणाला. "हँडब्रेक सुटत न्हाय. डावं मागचं चाक धरून बसलाय. गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका कुणाला."

उन्नती त्याच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला कसं कळलं?"

"मी पूर्वी हेच काम करायचो," एवढंच तो म्हणाला. पण मग त्याला राहवेना. "गुरुवारी माझी सुट्टी असते. निजामपुऱ्याला आणाल? माझ्या ओळखीचं गॅरेज हाय."

गुरुवारी अनंता तिच्या आधी तासभर पोचला. रघूच्या गॅरेजात आता गाड्या तपासायचं मशीन आलं होतं. अनंताची पेटी मात्र होती तिथंच, फळीवर. बारा-तेराचा पाना हातात घेतला आणि तो जरा वेळ तसाच उभा राहिला. रघूनं ते पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं.

गाडी आली. पुढच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला, खाली स्टँड दिले. उजवं चाक हातानं फिरवलं, गरगर फिरलं. डावं दोन्ही हातांनीही जेमतेम हललं.

"ब्रेकचे शू आतून ड्रमला चिकटले असतील," रघू म्हणाला. "ड्रम उघडू."

"थांब. आधी केबल बघू." अनंता पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. "हँडब्रेक ओढ. आता सोड."

रघूनं सोडला. उजवी केबल झटकन मागे आली. डावी ताणलेलीच राहिली. अनंतानं तिचं टोक स्क्रूड्रायव्हरनं मागे रेटलं आणि म्हणाला, "फिरव चाक."

चाक सहज फिरलं.

"आतले शू सुटतात. केबलच अडकलीय." त्यानं ती सोडवून बाहेर आणली. वरचं आवरण एका जागी फाटलेलं, आतली तार गंजून फुगलेली. "ताई, गाडी पावसात उभी होती का?"

"चार महिने. मी बाळंतपणाला माहेरी होते."

"हँडब्रेक ओढून?"

"घट्ट ओढून. पुढे जायला नको म्हणून."

"पुन्हा कधी इतके दिवस ठेवायची झाली तर गिअरमध्ये टाकून ठेवा आन् चाकाला दगड लावा. हँडब्रेक मोकळा."

नवी केबल बसवली, ड्रम उघडून लायनर पाहिला. थोडा झिजला होता, पण चालण्यासारखा होता. उन्नती एक फेरी मारून आली. "बाबा चालवायचे तेव्हा अशी पळायची," ती म्हणाली आणि तिनं स्टिअरिंगवरून हात फिरवला.

ती गेल्यावर अनंता हात धुवायला नळाशी गेला. नळ सोडला, पण काळे झालेले हात तसेच धरून उभा राहिला. "रघू," तो मागे न बघता म्हणाला, "गुरुवारचा येत जाऊ का?"

"पेटी कुणाची हाय?" रघू म्हणाला. "मी कधी म्हटलं, येऊ नको?"

घरी ठमाबाईनं भाकरी वाढताना त्याच्या नखांतलं ग्रीस पाहिलं. ती ओरडेल असं त्याला वाटलं. पण ती म्हणाली, "जड कायी उचललं न्हाय ना?"

"न्हाय."

"मग जात जा."

तेव्हापासून दर गुरुवारी अनंता सकाळची पहिली एसटी धरतो आणि अंधार पडेपर्यंत रघूकडं असतो. दोघं फारसं बोलत नाहीत. शुक्रवारी गणवेशाची बटणं लावताना मात्र त्याचे हात रेंगाळतात, आणि ठमाबाई दारातून हाक मारते, "उशीर होतोय."