ठाण्याचे फोटो मागायला आलेला माणूस

वडील फौजेत होते. माझं लहानपण उत्तरेतल्या एका डोंगरी लष्करी ठाण्याच्या क्वार्टर्समध्ये गेलं. ते वारल्यावर, दोन हजार सालानंतर कधीतरी, शिवाजी पेठेतल्या आमच्या दारात एक अनोळखी माणूस आला. त्याला त्या ठाण्याचे जुने फोटो बघायचे होते.

आईनं त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. “कशाला पायजेत, पावणं?”

“माझे वडीलही तिथंच होते. मी लहान असतानाच आई गेली. तिचा एकही फोटो नाही माझ्याकडं.”

मला ते खरं वाटेना. मी दार अर्धं लोटूनच उभा होतो.

“ओळख काय तुझी?” आईनं विचारलं.

त्यानं बाही वर केली. कोपराजवळ भाजल्याचा जुना डाग होता.

आई बघतच राहिली. “शेगडीवर पडलातास की रं! मलम मीच लावलंतं.”

तिनं ट्रंकेतून एक फोटो काढला. क्वार्टरच्या पायरीवर दोन बायका विणत बसल्या होत्या. “ही मी. आन ही तुझी आई.”

फोटो घेऊन तो उंबऱ्यावरच बसला.

तो गेल्यावर आईनं ट्रंकेला कुलूप लावलं. “पोरगं खरं हाय,” ती म्हणाली, “पर फौजेच्या ठाण्याचं फोटो कुणाला दावू नगं, असं तुझ्या बानं बजावलंतं. त्येला बी दावायचं न्हाईत.”