आव्यातली गीताबाई

अमडापूरच्या कुंभारवाड्यातली गीताबाई कशालाच घाबरत नसे, असं लोक अजून सांगतात. साफ खोटं आहे. ती घाबरायची, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. घाबरून हातातलं काम सोडायची नाही, एवढंच. म्हणून तर तिच्याविषयी लिहायला बसले. कुंभाराच्या बाईवर काय लिहायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल दुसरं काही वाचावं.

मी लग्न होऊन तिच्या शेजारी आले तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा आणि तिचा मोतीराम मुंबईच्या कलाशाळेत मूर्तिकाम शिकत होता. बुलढाण्याच्या ड्रॉइंग मास्तरांनी त्याचा हात हेरला, वजिफा मिळवून दिला, आणि गाढवावरून माती आणणारा पोरगा आगगाडीत बसला. पदविका झाली. सगळे म्हणाले, आता कुठे तरी मास्तर हो. त्याला मात्र त्यापुढचं शिकायचं होतं. वरच्या वर्गात मोजकीच मुलं घेत. तिथे बसायचं तर उन्हाळ्याच्या सुटीत जिवंत माणसाला समोर बसवून त्याचं डोकं मातीत घडवायचं, भाजून पक्कं करायचं आणि शाळा उघडताना हजर करायचं. ते पसंत पडलं तरच जागा.

समोर बसायला रिकामं कोण होतं? मोतीरामचा बाप कडूबा चाकावरून उठेना. शेवटी गीताबाई बसली, तीही मांडीवर सूप घेऊन, डाळ निवडत.

"हालू नको, माय."

"तुले डोकं पाह्यजे का हात? डोक्याचं पाह्य तू."

डोकं असं उतरलं की माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई, दारातच थबकल्या. डावी भुवई जरा वर, खालचा ओठ आता बोलणार असा. "हे आता माह्याशी भांडते का काय!" म्हणाल्या. मग मोतीरामनं तारेनं डोक्याचा वरचा भाग कापला, आतली माती कोरून काढली आणि पुन्हा जोडला. भरीव माती आगीत फुटते, हे कुंभाराच्या घरी सांगावं लागत नाही. सासूबाईंना तेही बघवलं नाही. गीताबाई म्हणाली, "रिकामं झालं तं बरं झालं, बाई. तुमचं बोलनं ठेवाले जागा झाली."

आव्यात भाजायची वेळ आली आणि तिथे घोडं पेंड खाऊ लागलं. आमच्याकडे कुणी परागंदा झाला आणि वर्षानुवर्षं पत्ता लागला नाही, की त्याचा कणकेचा पुतळा करून जाळतात. जाळला की तो माणूस गावाला मेला. आदल्याच वर्षी गल्लीतल्या एकाचा असा पुतळा जाळला होता आणि त्याच दिवशी त्याच्या बायकोचं कुंकू पुसलं होतं. ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. आता जितीजागती गीताबाई, हुबेहूब, आव्यात घालून पेटवायची?

"वर्साच्या आत गीता जाईन," सासूबाई म्हणाल्या.

कडूबा उभ्या जन्मात बायकोशी गोड बोललेला कुणी ऐकला नव्हता. तो मुलावर ओरडला, "जित्या बायकोले मी आग देऊ का बे?" आणि आव्याचं तोंड अडवून बसला. वाड्यातल्या दुसऱ्या कुंभारांनीही हात जोडले. कच्चं डोकं बैलगाडीतून खामगावच्या स्टेशनापर्यंत पोचलं नसतं, अर्ध्या वाटेत त्याची माती झाली असती.

मोतीरामनं दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी त्यानं पाण्याचा तांब्या उचलला. "राहू दे, माय. मी मास्तर होतो," म्हणाला आणि डोक्यावर पाणी ओतून त्याचा चिखल करायला निघाला. गीताबाईनं त्याचं मनगट धरलं आणि ती नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"जल्मभर आवा लावला तुमी. त्यातून आजवर काय मेलं, सांगा मले? लोकायले आग म्हंजे मसन. आपल्याले आग म्हंजे पोट. कच्चं जाते, पक्कं होऊन येते."

"अन् काही झालं तं?"

तिनं मोतीरामच्या हातातला तांब्या काढून खाली ठेवला.

"मले बी भेव वाटते," ती म्हणाली. "पन याचं शिकनं मोडलं तं मी रोज जळीन, अन् थे कोनाले दिसन नाही. तुमी हात लावू नका. मीच लावीन."

बायकांनी आवा रचायचा आणि पुरुषानं पेटवायचा, अशी तिथली रीत. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, स्वतःच्या हातानं गाडगी-मडकी रचली, मधोमध स्वतःचं डोकं ठेवलं, वर गोवऱ्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या. सगळा वाडा लांब उभा. पेटती काडी तिच्या हातून एकदा खाली पडली. तिनं दुसरी पेटवली. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. धुरानं नव्हे, धूर अजून झालाच नव्हता.

आवा थंड होईस्तोवर कडूबा त्याच्याकडे पाठ करून बसला, जेवायलाही उठला नाही. उघडायची वेळ झाली तेव्हा मात्र सगळ्यांना बाजूला सारून तोच पुढे आला. राख काढली, मडकी उतरवली आणि डोकं मांडीवर घेतलं. तांबूस, नितळ, कुठे तडा दिसत नव्हता. पण कुंभार डोळ्यावर विश्वास ठेवत नाही. तो भांडं वाजवून बघतो, आतून चिरलं असेल तर आवाज बद्द येतो. हे तर कापून जोडलेलं. चिरलं असतं तर मुंबईची वाट तिथेच संपली असती.

कडूबानं बोट उचललं आणि तसंच धरून ठेवलं. बायकोच्या कपाळावर टिचकी मारायची कशी?

"मारा ना," गीताबाई म्हणाली. "पह्यल्यांदाच मारता म्हनून हात भीते का?"

त्यानं मारली. खणकन वाजलं, नव्या घागरीसारखं. त्या आवाजासरशी तो माणूस लहान पोरासारखा रडला. आम्ही सगळ्याच रडलो, आणि गीताबाई आम्हांलाच रागावत राहिली.

गावातल्या फारुख पिंजाऱ्यानं दिलेल्या कापसात गुंडाळून डोकं खामगावला गेलं, तिथून मुंबईला. मोतीरामला वरच्या वर्गात जागा मिळाली.

दिवाळीत तो आला तेव्हा भीतभीतच बापाला म्हणाला, की शाळेला ते डोकं कायमचं आपल्या दालनात ठेवायचं आहे, घरच्यांची परवानगी हवी. परक्या मुलखात बाईमाणसाचा चेहरा ठेवायचा, यावर सासूबाईंनी लगेच तोंड सोडलं. गीताबाई काय ऐकून घेते! ओसरीवर दोघींची जुंपली.

कडूबानं चाक थांबवलं. भांडणाऱ्या बायकोकडे बराच वेळ पाहिलं.

"ठेवू दे त्यायले," तो म्हणाला. "जिती माह्यापाशी आहे."