शिट्टीला तीन वेढे

फोटो सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी आला. हट्ट्याच्या बचत गटाच्या ताईंनी तिसरा धडा पूर्ण करून गृहपाठ पाठवला होता. हळद शिजवायचा बॉयलर, खाली जाळ, शेजारी त्या स्वतः. जादा झालेली वाफ आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह, ज्याला त्या सगळ्या शिट्टी म्हणत, तारेने पक्का बांधलेला दिसत होता.

मी फोटो मोठा केला. तारेला तीन वेढे होते आणि टोक डावीकडे वळवलेलं. हे वेढे मी आधी पाहिले होते.

वर्तमानपत्रातली नोकरी सुटल्यावर शेतकऱ्यांच्या एका कंपनीसाठी मी ऑनलाइन धडे तयार करत होते. कंपनीचे बॉयलर तीन, गावं तीन: नरसी, हट्टा आणि शिरड शहापूर, आणि ते चालवायची खरी जाण नरसीच्या एका काकांना. काकांचे गुडघे गेले होते. त्यांना येतं ते सगळ्यांना यावं, म्हणून त्यांना काम करताना चित्रित करायचं, छोटे धडे करून सगळ्यांच्या फोनवर टाकायचे, एकमेकांना विचारा म्हणायचं, असं ठरलं. ‘काका करतात तसंच करा,’ हे वाक्य प्रत्येक धड्याच्या शेवटी माझ्या आवाजात होतं.

चित्रणाच्या दिवशी नरसीची शिट्टी गळत होती. त्या फुसफुसण्यात काकांचं बोलणं ऐकू येईना. मी विचारलं, “दोन मिनिटं हा आवाज बंद करता येईल का?”

“येतो की. पण दोनच मिनिटं बरं का मॅडम,” काका म्हणाले. “वाफेच्या दाबाच्या काट्यावर नजर हाय माझी.”

त्यांनी तार गुंडाळली. मी चित्रण केलं आणि कॅमेरा बंद केला. तार त्यांनी नंतर सोडली. ते धड्यात नाही. संपादन करताना माझं लक्ष आवाजाकडे होतं. आवाज स्वच्छ होता.

हट्ट्याला फोन लावला. पाच वेळा नुसता वाजला. सहाव्यांदा ताईंनी उचलला.

“बॉयलर चालू आहे?”

“व्हय. फोटो बघितला का? पास ना आमी?”

“काटा कुठे आहे?”

“थांबा... लाल पट्टीला टेकून राहिला.”

“ताई, ती तार...”

“बराबर बांधलीय. काकांचे तीन वेढे, आमचे बी तीनच. सासूबाई म्हणल्या, तिला काहून बांधता, पळून चालली का ती? म्हणलं, तुमी गप बसा, धड्यात हाय.”

मी काकांना त्याच फोनवर घेतलं. काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. बॉयलरवर पाच धडे करून झाले होते.

“तारेला हात लावू नको पोरी,” काका म्हणाले. “आधी बायकांना लांब घाल. मंग हळदीच्या टाकीकडची वाफेची तोटी पुरी उघड अन् तू बी पळ. जाळाचं नंतर बघू.”

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. बायकांची हाकाटी. भांडं कलंडलं. मग काहीच नाही. सवयीने मी समोरच्या कागदावर वेळ लिहिली: दहा अठ्ठावन्न, आवाज नाही. खाली अकरा लिहिलं. अकरा एक लिहिलं. काकांचा श्वास फोनवर ऐकू येत होता.

अकरा वाजून तीन मिनिटांनी ताई परत आल्या. “काटा खाली येऊन राहिला.”

“आता लाकडं वढा बाहेर,” काका म्हणाले. “तार बॉयलर पुरता गार झाल्यावर सोडायची.”

“पण काका, धड्यात तर तुमीच बांधली होती.”



“मी बांधायला लावली होती,” मी म्हणाले. “आवाज नको होता म्हणून.”

 ताई म्हणाल्या, “मंग शिरड शहापूरला सांगितलं का? त्यांना तार नीट दिसत नव्हती धड्यात. कशी बांधायची ते कालच मी फोनवर समजावून दिलं.”

शिरड शहापूरचा फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला. बॉयलरवरच्या भाऊंचं बोलणं मला नीट कळेना, मागे फुसफुस एवढी मोठी होती.

“शिट्टी लई वरडून राहिली मॅडम,” ते ओरडून म्हणाले. “तार संपली व्हती. आणायला माणूस धाडलाय, येऊनच राहिला. तुमाला आवाजाची तकलीफ होत असंल तर बाजूला जातो.”

“जाऊ नका. तार बांधू नका, ती आली तरी बांधू नका. आणि फोन बंद करू नका.”

“काहून?”

“सांगते.”

फोन कानाशी तसाच धरून, तिसरा धडा मी दुसऱ्या हाताने काढून टाकला.