टोकाची कडी

माझा नवरा गेला त्याच्या दहाव्याला कावळा काही पिंडाला शिवेना. सिअ‍ॅटलच्या पूर्वेला डोंगरातून येणारी नदी आहे. दर हिवाळ्यात तिच्या कंबरभर पाण्यात उभा राहून तो मासे धरायचा. तिच्याच काठावर एका सपाट दगडावर आम्ही पिंड ठेवला होता. कावळ्यांचा इथे दुष्काळ नाही. समोरच्या फरच्या झाडांवर ते रांगेनं बसले होते आणि आमच्याकडे बघत होते. एकही ओरडत नव्हता. कावळे असे गप्प बसलेले मी जन्मात पाहिले नव्हते, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

पुण्याहून गुरुजी दिराच्या फोनवर होते. म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, शब्द द्या. दीर हात जोडून म्हणाला, "दादा, वहिनीची आणि पोरीची काळजी करू नकोस." कावळे ढिम्म. लेक म्हणाली, "बाबा, मी आईला रोज कॉल करीन." तरी ढिम्म. गुरुजी दर्भाचा कावळा करायचं बोलायला लागले तेव्हा माझं डोकंच फिरलं. थंडीनं पाय बधिर झालेले, आणि हा माणूस जिवंतपणी जेवढा हट्टी तेवढाच मेल्यावरही. मी नदीकडे बघून म्हणाले, "तुझी ती मेली काठी राहिलीय ना? मी करते पुरी. झालं समाधान?"

एक कावळा खाली उतरला. पिंडाला चोच लावली आणि उडून न जाता माझ्याकडे बघत दगडावरच बसून राहिला. दिराला रडू कोसळलं.

काठी म्हणजे गळाची काठी. त्याच्या काठ्या तो स्वतःच गॅरेजमध्ये बांधायचा, आणि यंदा त्याला स्टीलहेडसाठी नवी बांधायची होती. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन मोठा होणारा आणि परत नदीत येणारा ट्राउट मासा. थंड पाण्यात तो गळाला हिसका देत नाही, नुसता हुंगून जातो म्हणे. ते हुंगणं मुठीत कळलं पाहिजे. म्हणून सगळा खेळ ब्लँकचा. ब्लँक म्हणजे नुसती उघडी काठी, ग्राफाइटची, पोकळ, टोकाकडे बारीक होत गेलेली. दोरी ओवायच्या कड्या, मूठ, बाकी सगळं नंतर घरी बांधायचं. ब्लँक चुकला तर वरची सगळी मेहनत पाण्यात.

एवढं करून धरलेला मासा हा बाबा सोडून द्यायचा. मी म्हणायचे, मग धरायचाच कशाला? तर म्हणे, "सोडायचं पण कसब असतं. प्रवाहाकडे तोंड करून थोडा वेळ हातात धरायचा. त्यानं शेपटी मारली की हात सैल. धरूनच ठेवलास तर मरतो." भाजी चिरता चिरता मी हे सगळं ऐकून घ्यायचे.

ब्लँक निवडायला मात्र त्याला मी लागायचे. दुकानात मला उभं करायचा, ब्लँकचं बारीक टोक माझ्या गळ्याला लावायचा, आणि स्वतः जाड टोक हातात धरून डोळे मिटायचा. "बोल." मी काय बोलणार? दूध संपलंय, येताना कोथिंबीर घ्यायचीय, लोक बघताहेत, जरा तरी लाज बाळग. माझ्या गळ्यातली थरथर काठीतून त्याच्या हातात जायची. जिच्यात माझी कटकट सगळ्यात स्पष्ट कळायची ती तो घ्यायचा. दुकानातले लोक हसायचे. मीही हसायचे, आता काय लपवू.

आता गळा होता, पण पलीकडचा हात नव्हता. शब्द तर देऊन बसले होते. चुकीचा ब्लँक आणला तर हा सुटायचा नाही, हे मनात घट्ट बसलं होतं. मी केमिस्ट्री शिकलेली बाई आहे, असल्या गोष्टींना हसणारी. पण तो कावळा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता.

शनिवारी दुपारी लेकीनं ड्राइव्ह केलं. दुकानात अंधारच होता, उजेड काय तो खिडकीपाशी. दुकानदारानं मला ओळखलं, टोपी काढली आणि दोन ब्लँक काउंटरवर ठेवले. या दोनांत नवऱ्याचं ठरत नव्हतं, एवढंच त्याला माहीत होतं. मग तो मागच्या खोलीत गेला.

"मी धरते," लेक म्हणाली. "हाऊ हार्ड कॅन इट बी?"

राखाडी ब्लँकचं टोक मी गळ्याला लावलं. तिनं डोळे मिटले, बापासारखीच मान तिरकी करून. मी म्हणाले, घरात दूध आहे, कोथिंबीर आता कोणी खात नाही. "बझ होतंय," ती म्हणाली. "ओके आहे."

मग हिरवा घेतला. मला काही सुचेना. "सगळे म्हणतात तू सुटलास," मी म्हणाले. "सुटलास का रे?" आणि गप्प झाले. लेक डोळे मिटून उभी होती. बराच वेळ उभी होती. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"आई, ओके. यू कॅन स्टॉप नाऊ."

"मी केव्हाच थांबलेय."

तिनं डोळे उघडून माझ्या मिटलेल्या तोंडाकडे बघितलं. बोटं पांढरी पडली होती तिची, तरी काठी सोडली नव्हती.

"कसं लागतंय?" मी विचारलं.

"लो आहे. स्लो. तुझ्यासारखं नाही. लाइक समवन एक्सप्लेनिंग समथिंग." मग तिनं काठी अलगद काउंटरवर ठेवली आणि जाऊन गाडीत बसली.

मागे फ्रीज असेल, नाहीतर हीटरचा पंखा असेल, मी मनाशी म्हटलं. दुकानदार बाहेर आला तेव्हा त्याला विचारलंही. तो म्हणाला, काल वादळात तार पडली, तेव्हापासून लाइट नाही, म्हणून तर अंधारात बसलोय. मी हिरवा ब्लँक बांधून घेतला.

काठी बांधायला मी व्हिडिओ बघून शिकले. मूठ चिकटवली. मग एकेक कडी ब्लँकवर धरून रेशमी दोऱ्यानं गुंडाळत गेले. पहिली वाकडी आली, उसवून परत केली. मूठ हातात घेतली की मलाही ते लागायचं. शब्द नाहीत कळत, पण चाल त्याचीच. काहीतरी समजावून सांगतानाची, मध्येच चहाचा घोट घ्यायला थांबणारी. मात्र एकेक कडी चढली तशी ती थरथर मंद होत गेली. आधी मला वाटलं भास असेल. मग काम सावकाश करायला लागले.

आता फक्त टोकाची कडी राहिलीय. गोंदाचा थेंब लावायचा आणि बसवायची, चहा उकळेपर्यंत होईल एवढं काम. ती बसली की काठी पुरी होईल आणि माझा शब्दही. लेक रोज कॉल करते. "बाबांची रॉड झाली?" मी म्हणते, गोंद वाळतोय.

सकाळी गॅरेजचं दार वर केलं की समोर एक कावळा येऊन बसलेला असतो. ओरडत नाही. पोळीचा तुकडा टाकला तर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मी स्टुलावर बसते, मूठ हातात घेते. आता इतकं बारीक लागतं की श्वास रोखून धरावा लागतो. त्याला सोडायचं कसब होतं. मला ते नाही, आणि खरं सांगायचं तर शिकायचंही नाही.

"आज नाही," मी कावळ्याला सांगते. तो हलत नाही. मग आम्ही दोघं ऐकत बसतो.