विसावा विद्यार्थी

मुळशीतल्या रिहे गावचा गेणबा ढमाले अठ्ठावन्नाव्या वर्षी कॉलेजात गेला तो लेकीला सोडायला, आणि संध्याकाळी घरी आला तो विद्यार्थी होऊन.

त्याची लेक शुभांगी बारावी झाली होती आणि तिला पर्यटनाची पदवी करायची होती. पर्यटन शिकायचं म्हणजे काय शिकायचं, हे गेणबाला नीट ठाऊक नव्हतं. शनिवार-रविवारी पुण्याकडून येणाऱ्या मोटारी त्याच्या भाताच्या खाचराशी थांबायच्या, आतली माणसं उतरून त्याच्या म्हशीशेजारी उभी राहून फोटो काढायची आणि निघून जायची. ह्याचंच शिक्षण असणार, असा त्याचा अंदाज होता, आणि तो फारसा चुकीचा नव्हता.

प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. विभागप्रमुख रजनी मॅडम टेबलावरचे अर्ज तिसऱ्यांदा मोजत होत्या. एकोणीस भरत होते. वीस झाले नाहीत तर वर्ग बंद, आणि एकोणीसच्या एकोणीस पोरांची रवानगी अर्थशास्त्रात, असा वरून आदेश होता. बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेल्या गेणबाकडे मॅडमचं लक्ष गेलं.

“काका, तुमचं शिक्षण किती?”

“बारावी. पौडला झाली. दुसऱ्या टायमाला.”

“दाखला आहे?”

“घरी हाय, पेटीत.”

“पाचपर्यंत आणता येईल?”

लेकीच्या अर्जाला बापाचा दाखला लागत असेल, असं समजून गेणबाने मोटरसायकलला किक मारली. रिह्याला जाऊन, पेटी उपसून, पाचला वीस मिनिटं असताना तो परत आला, तेव्हा मॅडमनी त्याच्यापुढे कोरा अर्ज ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं. वयाची अट नव्हती. हजेरीची होती.

“आबा, नाही म्हणा,” शुभांगी हळूच म्हणाली. मग तिला अर्थशास्त्र आठवलं. “किंवा बघा, तुम्हाला काय वाटतं ते.”

जमिनीच्या दलालांना वीस वर्षं एकही सही न देणारा तो माणूस. त्याने अर्ज दोनदा वाचला, ह्यात सातबाऱ्याचा कुठे उल्लेख नाही ना, हे बघितलं आणि सही केली.

घरी चंद्राबाई, त्याची बायको, भाकरी थापत होती. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “लेकीला घालायला गेलता का सवताला?”

पहिल्या दिवशी हजेरी झाली तेव्हा ‘ज्ञानदेव सखाराम ढमाले’ हे नाव तीनदा पुकारलं गेलं. कोणीच ओ दिली नाही. गेणबाही इतरांबरोबर मान वळवून बघत होता की हा कोण गैरहजर गडी. शेवटी दोन बाक पुढून शुभांगीने खाली मान घालून सांगितलं, “मॅडम, ते तेच आहेत.” दाखल्यावरचं हे नाव त्याला चाळीस वर्षांत कोणी लावलं नव्हतं.

शुभांगीने अटी घातल्या होत्या. वर्गात बोलायचं नाही, डबा वेगळा खायचा, आणि कॉलेजच्या अलीकडच्या चौकात तिला गाडीवरून उतरवायचं. गेणबाने त्या पाळल्या. बाकीची पोरं मात्र त्याच्याशी मोकळी झाली, कारण त्याच्या वह्या पूर्ण असायच्या. फळ्यावरचं एक अक्षर तो सोडत नसे. मॅडम ‘बसा’ म्हणाल्या तरी तो लिहून घ्यायचा.

दर शुक्रवारी कोणी ना कोणी करिअरविषयी सांगायला येई. विमानतळावरची नोकरी, जहाजावरची नोकरी, तिकिटं, व्हिसा, परिषदा भरवणं. जहाजवाल्या गृहस्थांनी सांगितलं की नऊ महिने समुद्रावर राहावं लागतं. गेणबाने हात वर केला. “मंग लावणीला सुट्टी असती का?” गृहस्थांनी डायरीत काहीतरी टिपलं आणि विचारून कळवतो म्हणाले. ते अजून कळवतायत.

हसण्याचाही एक तास असे. ग्राहकासमोर तीस सेकंद न ढळणारं हसू ठेवायचं आणि त्याचा सराव दातांत पेन्सिल धरून करायचा. गेणबा घरी गोठ्यात सराव करी. चंद्राबाई एकदा चारा घेऊन आत आली, तर नवरा पेन्सिल दातांत धरून म्हशीकडे बघत हसतोय. ती चारा तिथंच टाकून गावच्या देवऋष्याकडे गेली. देवऋषी म्हणाला, हे बाहेरचं नाही, हे कॉलेजचं आहे, ह्याला आपल्याकडे उतारा नाही.

पहिल्या पावसाळ्यात ‘ग्रामीण पर्यटन’ ह्या विषयासाठी अभ्याससहल निघाली. बस पौड रस्त्याने वळली, रिह्याच्या खोऱ्यात शिरली आणि गेणबाच्याच खाचरापाशी उभी राहिली. सहलवाल्या कंपनीला ती जागा देखणी वाटली होती. मालकाला विचारायला त्यांचा माणूस आला होता, पण मालक तेव्हा कॉलेजात होता.

कंपनीचा गाईड निषाद हा चोवीस वर्षांचा, कोथरूडचा, फार गोड बोलणारा पोरगा होता. बांधावर उभं राहून तो म्हणाला, “मित्रांनो, ही भातलावणी. शेतकरी रोपं लावत लावत पुढे पुढे चालत जातो. हे प्रगतीचं प्रतीक आहे. आणि ह्या चिखलातल्या पदन्यासातूनच लावणी हे नृत्य जन्माला आलं.”

समोर चंद्राबाई आणि चार बाया ओणव्या होऊन रोपं लावत मागे मागे सरकत होत्या. गेणबाने वहीतून डोकं वर काढलं, बायकोकडे बघितलं, निषादकडे बघितलं आणि लिहून घेतलं.

“अवं,” चंद्राबाईने कंबर सरळ करून हाक मारली, “ह्यो काय सांगतुया? पुढं चाललं तर लावल्यालं पायाखाली न्हाई का जायाचं?”

“गप ऱ्हा,” गेणबा म्हणाला. “परीक्षेला हाय.”

निषादने मग सगळ्यांना चिखलात उतरवलं आणि प्रगतीच्या दिशेने लावणी करून घेतली. वीस विद्यार्थ्यांनी अर्धं खाचर तुडवलं. गेणबानेही आपला वाटा प्रामाणिकपणे तुडवला. मुलं गेल्यावर चंद्राबाईने ते सगळं पुन्हा लावलं आणि दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही.

वर्षअखेरच्या परीक्षेत प्रश्न आला: भातलावणीची प्रक्रिया विशद करा. लिहून घेतलेलं एक होतं आणि जन्मभर केलेलं दुसरं. गेणबाने खरं लिहिलं, म्हणजे मागे मागे. ह्या विषयात तो नापास झाला. वर्गातले बाकीचे सगळे पास झाले. शुभांगीही झाली.

“तुला ठावं हाय की गं कसं लावत्यात ते,” तो तिला म्हणाला.

“मला लावायची नव्हती, आबा. पास व्हायचं होतं.”

गेणबाने ऑक्टोबरात पुन्हा परीक्षा दिली, प्रगतीच्या दिशेने भात लावला आणि अठ्ठ्याहत्तर मार्क मिळवले. त्याला त्या मार्कांची लाज वाटली. पण चंद्राबाईने ते शेजारणीला सांगितलेले त्याने ऐकले आणि मग थोडी कमी वाटली.

दुसऱ्या वर्षी प्रशिक्षणासाठी त्याला कासार आंबोलीच्या एका रिसॉर्टवर पाठवलं. कोट, टाय आणि छातीवर ‘ज्ञानदेव’ अशी पट्टी. तो खोल्यांच्या किल्ल्या देई. पाहुण्यांना अस्सल शेतकरी दाखवायला रिसॉर्टने नाटकात काम करणारा इंद्रजित नावाचा एक नट ठेवला होता. धोतर, मुंडासं, झुपकेदार चिकटवलेल्या मिशा. पाहुणे त्याच्याशी बैलांविषयी गप्पा मारत. मग तो किल्ल्यांच्या टेबलाशी येऊन हलक्या आवाजात विचारी, “काका, म्हशीची धार डावीकडून काढतात की उजवीकडून?”

“उजवीकडनं. आन् मिशी निघतीय, बघ.”

एकदा एका पाहुण्याने गेणबाला सहज विचारलं, “तुम्ही मूळचे कुठले?”

“हितलाच.”

“तसं नाही हो, मूळचे?”

गेणबाने खिडकीतून डोंगराच्या अलीकडे बोट दाखवलं. पाहुणा हसला आणि म्हणाला, ट्रेनिंग छान दिलंय तुम्हाला.

तिसऱ्या वर्षी प्रकल्प होता. एक नवं पर्यटनस्थळ शोधायचं आणि तिथे खरोखरीची एक सहल नेऊन दाखवायची. पोरांनी किल्ले घेतले, धरण घेतलं, शुभांगीने देवराई घेतली. गेणबाने कागदावर लिहिलं: नांदे.

“नांद्यात आता काय आहे?” रजनी मॅडमनी विचारलं. “इमारतीच तर आहेत.”

“त्याच बघायच्या.”

“कोणी?”

“आमी. ते आमाला बघाया येत्यात, मॅडम. आमी त्यांला कधी बघितलं न्हाई.”

मॅडमनी नियमावली उलटसुलट चाळली. पर्यटक शहरातलाच असावा, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

नांदे हे चंद्राबाईचं माहेर. भावाने जमीन विकली, बंगला बांधायला तो दुसरीकडे गेला, आणि नंतर भावाबहिणीत काय बिनसलं ते बिनसलं. जमिनीवर सतरा मजल्यांच्या सहा इमारती उभ्या राहिल्या. आठ वर्षांत चंद्राबाई त्या रस्त्याला फिरकली नव्हती. नवऱ्याच्या मार्कांसाठी म्हणून ती यायला तयार झाली.

सोसायटीचे सेक्रेटरी अण्णासाहेब लातूरकडचे, बँकेतून निवृत्त होऊन आयटीतल्या मुलाकडे राहायला आलेले. तुमची सोसायटी बघायला माणसं येणार, हे गेणबाने सांगितलं तेव्हा त्यांना आधी ते खरं वाटेना, आणि मग त्यांनी जिने धुवून घेतले. त्यांच्याकडे तीन वर्षांत कुरिअरवाल्याखेरीज कोणी आलं नव्हतं.

रविवारी बारा बाया घेऊन मिनीबस फाटकाशी आली. वॉचमनने मोबाइलवर नोंद करायला चंद्राबाईला विचारलं, “किसके यहाँ जाना है?”

“बापाकडं.”

“फ्लॅट नंबर?”

“विहिरीपाशी.”

अण्णासाहेब धावत आले आणि सगळ्यांना आत घेतलं. गेणबा कोट घालून, हातात छोटा झेंडा धरून पुढे झाला. जिमच्या काचेशी थांबून तो म्हणाला, “हे लोक सकाळी हितं येऊन पट्ट्यावर चालत्यात. पट्टा फिरतो, माणूस तितंच ऱ्हातो.”

“घाण्याला जुंपल्यावाणी,” एक बाई म्हणाली. “तेल निघतंय का?”

“न्हाई. घाम निघतो. त्योच पायजे असतो.”

आतला तरुण काचेतून हे बघत होता. बारा बाया आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर त्याने पट्ट्याचा वेग वाढवला.

नवव्या मजल्यावर स्वरदा नावाची मुलगी रविवारीही लॅपटॉपसमोर बसून काम करत होती. अण्णासाहेबांनी तिला आधीच कल्पना दिली होती. बाया दारातून वाकून बघू लागल्या, तशी ती पडद्यावरच्या माणसांना म्हणाली, “सॉरी, एक मिनिट, माझ्याकडे टुरिस्ट आलेत.”

“तुमचा साहेब कुटं हाय, बाई?”

“बंगळुरूला.”

“आन् रान कुटं हाय? म्हंजी काम कशाचं करता?”

स्वरदाने सांगायचा प्रयत्न केला. मग थांबली आणि म्हणाली, “खरं सांगू, मला पण नीट माहीत नाही.” बायांनी समजुतीने माना हलवल्या. एकीने तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

खाली आल्यावर चंद्राबाई दिसेना. ती पोहण्याच्या तलावाशी उभी होती. काठावरून चालत, पावलं मोजत ती एका कोपऱ्याशी थांबली.

“हितंच,” ती गेणबाला म्हणाली. “पर विहीर लई खोल व्हती. हे गुडघाभर काय करून ठेवलंय?”

तिने चपला काढल्या, काठावर बसली आणि पाय पाण्यात सोडले. पोहण्याच्या पोशाखाशिवाय पाण्यात उतरायला मनाई आहे, असं सांगत वॉचमन धावला. अण्णासाहेबांनी त्याला हाताने अडवलं.

“बसू द्या. त्यांचं माहेर आहे.”

गेणबा झेंडा हातात धरून उभा राहिला. अडीच वर्षांत त्याने रुसलेला ग्राहक, आजारी ग्राहक, विमान चुकलेला ग्राहक, सगळे लिहून घेतले होते. काठावर बसून रडणारी स्वतःची बायको त्यात नव्हती. तो कोटासकट तिच्या शेजारी बसला. बूट मात्र पाण्याबाहेर ठेवले, ते मागून आणले होते.

तेवढ्यात स्वरदा लिफ्टने खाली आली आणि अण्णासाहेबांनी तिला काय ते सांगितलं. माहेरवाशीण रिकाम्या हाताने परत जात नाही, एवढं तिला तिच्या आईने शिकवलं होतं. तिने मोबाइलवर नारळ आणि तांदूळ मागवले. अकरा मिनिटांत आले. खण मिळाला नाही. दुकानदाराने त्याऐवजी हात पुसायचा पिवळा नॅपकिन पाठवला होता. तलावाच्या काठी, जिमवाला तरुण घाम पुसत बघत असताना, स्वरदाने चंद्राबाईची ओटी भरली. तांदळाच्या पिशवीवर ‘अस्सल मुळशी इंद्रायणी’ असं छापलेलं होतं. चंद्राबाईने डोळे पुसून एक दाणा तोंडात टाकला.

“मुळशीचा न्हाई,” ती म्हणाली. “पर असू दे.”

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रकल्पाला वर्गात सर्वांत जास्त मार्क दिले आणि शेऱ्यात लिहिलं की पर्यटकांचं समाधान कसं मोजलं हे स्पष्ट होत नाही.

शुभांगी आता पुण्यात व्हिसाच्या कामाच्या एका कचेरीत आहे, लोकांचे फोटो योग्य मापाचे आहेत की नाहीत हे बघते आणि पुढल्या वर्षी परदेशी सहली घेऊन जायचं म्हणते. गेणबाला रिसॉर्टने बोलावलं होतं. इंद्रजितला मालिकेत काम मिळालं होतं आणि शेतकऱ्याची जागा रिकामी झाली होती. मुलाखतीत त्याला अनुभव विचारला आणि चेहरा त्या भूमिकेला शोभत नाही म्हणून परत पाठवलं. त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. महिन्यातून दोनदा तो मिनीबस भरतो. रिहे, कासार आंबोली, आसपासच्या वाड्या. जिचं जिचं माहेर इमारतींखाली गेलं, ती ती बाई नाव नोंदवते. लावणीच्या दिवसांत सहली बंद असतात.

गेल्या भाऊबीजेला चंद्राबाई एकटीच एसटीने नांद्याला गेली. लिफ्टची तिला भीती वाटते, म्हणून अण्णासाहेबच सोवळं नेसून खाली आले आणि पार्किंगमध्ये दोन मोटारींच्या मध्ये पाट मांडून बसले.