लेकीच्या पायाचा फोटो

लेक पहिलीत असताना एक दिवस शाळेतून लंगडत आली. डावं पाऊल पूर्ण टेकवतच नव्हती, बाहेरच्या कडेवर चालत होती. पडलीस का, कुणी ढकललं का, सगळं विचारून झालं. "नुसतं दुखतंय," एवढंच.

आम्ही कान्हे गावात राहतो. घरात माझे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांनी चष्मा लावून तिचा तळवा तपासला. "काटा मोडला आसंल. निगंल आपोआप." काटा काही सापडला नाही. मी हळदीचा लेप लावला, तेल चोळलं. दोन आठवडे झाले तरी चाल तीच. मग मी मोबाइलवर शोधत बसले आणि नको नको ते वाचून मला जेवण जाईना.

कामशेतच्या डॉक्टरांनी पाऊल दाबून पाहिलं. कमानीपाशी बोट लागताच लेक ओरडली. "तळेगावला हाडांच्या डॉक्टरांकडे जा," ते म्हणाले, "पायाचा फोटो काढावा लागेल."

फोटो म्हटल्यावर लेकीने दिवाळीचा फ्रॉक घातला, पावडर लावून घेतली. आबाही धुतलेली टोपी घालून निघाले.

एक्स-रे काढणाऱ्या ताईंनी तिला टेबलावर बसवून पाऊल पाटीवर ठेवायला सांगितलं.

"तोंड येणार ना फोटोत?" लेकीने विचारलं.

"नाही गं, फक्त पाय."

तिचा चेहराच पडला. ताईंनी फ्रॉकचं कौतुक केलं, तेव्हा कुठे पाऊल पाटीवर आलं. डावं समोरून, डावं बाजूने. मग उजव्याचेही तसेच दोन.

"उजवा तर बरा आहे," मी म्हटलं.

"दोन्ही शेजारी ठेवले की फरक कळतो."

डॉक्टरांनी दोन्ही पायांचे फोटो उजेडावर लावले. उजव्या पायात, घोट्याच्या थोडं पुढे, एक छोटं गुबगुबीत हाड होतं. डाव्या पायातलं तेच हाड चपटं, पांढरंफट्ट, कुणी दाबून ठेवल्यासारखं.

"डॉक्टर, हे... गाठबिठ तर नाही ना?" मी हळूच विचारलं.

"अजिबात नाही," त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. "या वयात कधीकधी या हाडाला रक्त कमी पडतं. मग ते दबतं, दुखतं. पण पुन्हा भरून येतं. काही आठवडे प्लास्टर घालू."

"कापायचं न्हाई ना?" आबांनी विचारलं.

"नाही आबा."

मी तिथेच रडले. लेक मात्र गुलाबी प्लास्टर मिळेल का, याची चौकशी करत होती. पांढरंच मिळालं. त्यावर अख्ख्या वर्गाने फुलं आणि मांजरं काढली. आबा तिला रोज स्कूटरवरून शाळेत सोडायचे.

प्लास्टर काढल्यावर पाय काडीसारखा दिसला. सुरुवातीला ती जपून चालायची, मग विसरली आणि धावायला लागली.

पुढच्या वर्षी पुन्हा फोटो काढला. डावं हाड चांगलं गोल झालं होतं. डॉक्टरांनी बोट ठेवेपर्यंत दुखरा पाय कुठला, मला ओळखता येईना. आबांनी फोटो हातात घेऊन खिडकीशी धरला, बराच वेळ निरखला.

"लय ग्वाड हाडं हायेत पोरीची," ते म्हणाले. लेक तोवर जिना उतरून खाली पोचली होती.