दोन बोटं सैल

टेलरकाकूंचा जगात एकाच वस्तूवर विश्वास होता: गळ्यातल्या टेपवर. बायका पोट आत घेऊन माप देतात, न आटणारं कापड पहिल्याच धुण्यात आटतं, सून गोड बोलली की तिला काहीतरी हवं असतं. टेप तेवढी खोटं बोलत नाही, असं त्यांचं ठाम मत.

तीन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये त्यांच्या उजव्या काखेतल्या गाठी काढल्या. कॅन्सर गेला, पण हात सुजायला लागला. कात्रीत बोटं अडकू लागली, तेव्हा सुनेनं त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काखेतल्या त्या गाठी हातातलं पाणी गाळून पुढे पाठवतात; त्या गेल्यामुळे पाण्याला परतीची वाट उरलेली नाही. सूज मऊ आहे तोवर त्या पाण्याच्या बारीक नळ्या शिरांना जोडून बघता येतील. मांडीच्या सांध्यातल्या तशाच निरोगी गाठी काखेत बसवायचाही एक मार्ग आहे. फार उशीर झाला तर सुजेची चरबी होते. मग ती ओढून काढायची आणि जन्मभर हातावर घट्ट बाही चढवायची.

"इकडचं काढून तिकडे लावायचं, म्हणजे ठिगळच की," बाहेर येताच काकू म्हणाल्या. "एका ऑपरेशननं उसवलेलं दुसरं शिवणार म्हणे."

"आई, हात वाढत जाईल म्हणतात त्या."

"त्या म्हणणारच."

सून इतक्या चटकन दवाखान्याच्या बाजूची झाली, यातही त्यांना काळंबेरं दिसलं. त्यांनी घरी एक वही सुरू केली. दर सोमवारी दोन्ही दंड मोजायचे, तेही स्वतः. दीड वर्षात उजवा पाऊण इंच वाढला, पण डावाही अर्धा इंच वाढला. म्हणजे सूज कसली, अंगच भरतंय. कॅन्सरच्या तपासणीला गेल्या की दवाखान्यातही दंड मोजत; तिथल्या कागदावर मात्र डावा होता तेवढाच. काकूंना वाटलं, चोरी पकडली. डावा मुद्दाम कमी लिहायचा, फरक मोठा दाखवायचा, की गिऱ्हाईक आपोआप गळाला लागतं.

वही काखोटीला मारून त्या जाब विचारायला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी पानं चाळली. चिडल्या नाहीत. "माझ्यासमोर मोजा," एवढंच म्हणाल्या.

काकूंनी डाव्या दंडाला टेप गुंडाळली आणि उजव्या हाताची दोन बोटं आत सरकवली.

"ही बोटं कशाला?"

"लूज ठेवायला. नाहीतर बाही काचते. चाळीस वर्षं असंच..."

बोलता बोलता त्यांची नजर टेपखालच्या बोटांवर गेली. उजवा दंड त्या डाव्या हाताच्या सडसडीत बोटांनी मोजत होत्या आणि डावा या सुजलेल्या बोटांनी. बोटं जाड होत गेली, तसा वहीतला डावा दंड फुगत गेला होता. वाढत होता तो एकच हात.

काकूंना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली.

"दीड वर्ष घालवलं मी," त्या म्हणाल्या. "अजून जोडता येतील का त्या नळ्या?"

"रंग टोचून बघू, किती चालू राहिल्यात. तेव्हाच तयार झाला असतात तर हो म्हटलं असतं, मावशी. आज खात्री देत नाही."

काकू त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, कुठे खोट दिसते का ते शोधत. दिसली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच, ती दिसावी असं त्यांना फार वाटत होतं.